साबणाचे आणि डिंकाचे गूळपीठ

दिवाळी अंक हातात पडला की वाचक आधी कथा चाळतो, मग व्यंगचित्रे पाहतो आणि कुणाचे लक्ष नाही असे पाहून हळूच शेवटचे वार्षिक भविष्य उघडतो. या तिहींच्या मधल्या पानांवर कुणी साबणाविषयी लिहिले असेल, तर ते वाचायला तसेच काही कारण हवे. ते माझ्यापाशी आहे. दिवाळीत आंघोळीला फराळाइतकाच मान असतो. नरकचतुर्दशीच्या पहाटे तेल, उटणे, शिकेकाई, साबण आणि हल्ली शॅम्पू, इतकी मंडळी एकाच मोरीत जमतात. त्यांचे आपापसांत काय चालते हे विचारायला त्या वेळी कुणाला फुरसत नसते. बाहेर फटाके वाजत असतात आणि पुढचा नंबर असलेला भाऊ दार ठोठावीत असतो.

मी तीस वर्षे साबण-शॅम्पूच्या धंद्यातल्या प्रयोगशाळांतून काढली. लग्नकार्यात ओळख झाली की लोक हटकून विचारतात, ‘काय हो, शॅम्पूत असते तरी काय?’ मी सांगतो, ‘पाणी.’ त्यांना ती थट्टा वाटते. पण बाटलीतला बहुतेक भाग पाणीच असतो. बाटलीच्या किमतीचा बहुतेक भाग काय असतो ते मात्र विचारू नका. त्या पाण्यात दोन मुख्य पात्रे वावरत असतात. एक साबणाच्या जातीचे आणि दुसरे डिंकाच्या जातीचे. ही दोघे एका पाण्यात आली म्हणजे एकटे असतानाचा त्यांचा स्वभाव पार पालटतो. माझी सारी नोकरी या पालटाच्या पाठीमागे गेली, आणि एकदा तर त्याच्यापायी एका भल्या माणसाची भाकरी जाण्याची वेळ आली होती. ती हकीगत पुढे येईलच. आधी पात्रपरिचय.

साबणाचा रेणू हा दुहेरी निष्ठेचा प्राणी आहे. त्याच्या डोक्याला पाणी प्रिय आणि लांबलचक शेपटीला पाण्याचा तिटकारा. शेपटीची मैत्री तेलातुपाशी. असा प्राणी पाण्यात सोडला की तो तडक पृष्ठभाग गाठतो, डोके पाण्यात ठेवतो आणि शेपटी हवेत काढून मोकळा होतो. म्हणून शास्त्राने या जातीला पृष्ठसक्रिय पदार्थ असे नाव दिले आहे. कपड्याची वडी, भांड्यांचा साबण, शॅम्पूतले सोडियम लॉरिल सल्फेट, हे सगळे त्यात आले. शिकेकाई आणि रिठे यांतली सॅपोनिनेसुद्धा त्यातलीच. फक्त घराणे वेगळे.

या पृष्ठभागाचा मन लावून अभ्यास करणाऱ्यांत एक बाई अग्रभागी होत्या, आणि त्यांची प्रयोगशाळा म्हणजे त्यांचे स्वयंपाकघर. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग गावच्या आग्नेस पोकेल्स. जन्म १८६२ चा. त्या काळी तिकडे मुलींना विद्यापीठाचे दार बंद होते. धाकटा भाऊ पदार्थविज्ञान शिकायला गेला. बाई आजारी आईवडिलांची शुश्रूषा आणि घरकाम करीत राहिल्या. भांडी घासताना तेलकट पाण्याचा पृष्ठभाग कसा वागतो हे त्यांच्या नजरेत भरले. पत्र्याचे एक पसरट पात्र, त्यावर सरकवता येणारी पत्र्याची पट्टी, आणि पाण्याला टेकवून वर उचलायची बटणाएवढी चकती, एवढ्या सामग्रीवर त्यांनी पाण्याचा पृष्ठताण मोजला. १८९१ साली त्यांनी हे सारे इंग्लंडातील लॉर्ड रॅले यांना पत्राने कळवले. रॅलेसाहेब मोठ्या मनाचे. त्यांनी ते पत्र ‘नेचर’ या नियतकालिकाकडे धाडले आणि ते छापूनही आले. विद्यापीठाने बाईंना सन्माननीय पदवी दिली ती १९३२ साली, म्हणजे वयाच्या सत्तरीत.

पृष्ठभागावरची जागा अर्थातच मर्यादित. ती भरली की उरलेल्या रेणूंनी जायचे कुठे? या प्रश्नाचे उत्तर ब्रिस्टलच्या जेम्स विल्यम मॅकबेन यांनी १९१३ साली सुचवले. ते म्हणाले, हे रेणू पाण्याच्या पोटातच घोळका करतात. शेपट्या आत दडवतात, डोकी बाहेर ठेवतात आणि एक इवलासा गोळा तयार होतो. त्याला मायसेल म्हणतात. लंडनच्या एका सभेत अध्यक्षांनी ‘भलतेच काहीतरी’ म्हणून त्यांचे म्हणणे उडवून लावले, अशी आख्यायिका आहे. ते मॅकबेन पुढे पुण्याला आले, ही मात्र आख्यायिका नव्हे. ३ जानेवारी १९५० रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे उद्घाटन झाले. तिचे पहिले संचालक म्हणजे हेच मॅकबेन. पाषाणच्या रस्त्याने जाताना ती इमारत दिसली की आजही मला आधी साबणाचा गोळा आठवतो. शिक्षणाचा परिणाम, दुसरे काय!

मायसेल केव्हाही होत नाही, हे ध्यानात ठेवा. पंगत बसायला जशी काही माणसे जमावी लागतात, तसे पाण्यात साबणाचे ठरावीक प्रमाण व्हावे लागते. सोडियम लॉरिल सल्फेटाचे हे प्रमाण शुद्ध पाण्यात लिटरमागे सुमारे सव्वादोन ग्रॅम. त्याखाली रेणू सुटे सुटे भटकतात. तो उंबरठा ओलांडला की साठेक रेणूंची एक, अशा पंगती झपाझप बसू लागतात. आणि या पंगती म्हणजे काही दगडी ओटे नव्हेत. रेणू सतत उठत असतात, नवे येऊन बसत असतात, सेकंदाच्या अगदी सूक्ष्म अंशात.

आता दुसरे पात्र. डिंकाच्या जातीचे पदार्थ आपल्या घरात इतके आहेत की गृहिणींना ते मी शिकवायला नको. भिजवलेली मेथी बुळबुळीत होते, सब्जाच्या बियांभोवती गर धरतो, भेंडीला तार येते, जास्वंदीची पाने वाटली की हाताला साबणासारखी निसरडी लागतात. या प्रत्येक ठिकाणी पाण्यात विरघळणारे किंवा फुगणारे लांबच लांब धागे आहेत. एकच मणी हजारो वेळा ओवून माळ करावी तसा प्रत्येक धागा; मेथीच्या आणि जास्वंदीच्या बाबतीत ते मणी साखरेच्या जातीचे. परिभाषेत त्यांना बहुवारिके म्हणतात. शब्द परीक्षेपुरता आहे, आपण धागा म्हणू. असा धागा पाण्यात ताठ उभा राहत नाही. फणीत निघालेल्या गुंतवळासारखा तो स्वतःभोवतीच गुरफटून असतो, आणि अशा असंख्य गुंतवळांमुळे पाणी दाट लागते.

तर एका पाण्यात साबण घातला आणि त्यातच हा धागा. काय होईल? सरळ विचार करणारा म्हणेल, साबण साबणाचे काम करील, डिंक डिंकाचे. एका चाळीत राहणारी पण बोलचाल नसलेली दोन बिऱ्हाडे! प्रत्यक्षात तसे घडत नाही. १९६७ साली एम. एन. जोन्स या संशोधकाने पॉलिएथिलीन ऑक्साइड नावाचा धागा आणि आपले सोडियम लॉरिल सल्फेट यांचे मिश्रण घेऊन मोजमापे प्रसिद्ध केली. एकट्या साबणाच्या पाण्यात उंबरठा एकच दिसतो. धागा असलेल्या पाण्यात दोन दिसले. पहिला नेहमीच्या बराच अलीकडे, जवळजवळ निम्म्यावर. दुसरा नेहमीच्या पलीकडे, आणि धागा जितका अधिक तितका तो दूर.

त्याचा अर्थ असा. धागा म्हणजे अंथरलेली सतरंजी. सतरंजी दिसली की मंडळी लवकर टेकतात, तसे साबणाचे रेणू धाग्यावर लवकर घोळका करू लागतात. तो पहिला उंबरठा. धाग्यावरची जागा भरली, की पुढचे रेणू पाण्यात आपली स्वतंत्र पंगत मांडतात. तो दुसरा. धाग्यावरच्या पंगती मोकळ्या पाण्यातल्यांपेक्षा लहान असतात. चित्र काढायचे तर माळेचे काढावे. धाग्यावर थोड्या थोड्या अंतराने साबणाचे मणी.

साबणाला धाग्याचे एवढे काय अप्रूप? मायसेलचा गोळा बाहेरून दिसतो तितका बिनबोभाट नसतो. सगळी डोकी एकाच ऋण विद्युतभाराची, त्यामुळे ती एकमेकांना कोपराने ढकलतात. त्यांच्यातल्या फटींतून शेपट्यांची मुळे उघडी पडतात आणि त्यांना पाणी लागते, जे त्यांना मुळीच खपत नाही. धाग्याचे वळसे नेमके त्या फटींवर बसतात. उघडी शेपटी झाकली जाते, डोक्यांना सुटसुटीत जागा मिळते, गोळ्याची सोय होते. १९७७ साली काबान या फ्रेंच संशोधकाने चुंबकीय अनुस्पंदनाच्या साहाय्याने धाग्याचे तुकडे गोळ्याच्या पृष्ठभागावरच असतात असे दाखवून दिले. सोय दोघांची होते खरी, पण परिणाम धाग्यावर जास्त दिसतो. मणी एकाच भाराचे असल्याने एकमेकांपासून दूर पळू पाहतात, त्यामुळे गुंतवळ उलगडतो आणि पाणी अधिक दाट होते. साबणही पातळ, डिंकही पातळ, आणि दोघे मिळून दाट! नव्याने कामाला लागलेल्या मुलांना मी हे दाखवीत असे, तेव्हा ती आधी तराजूवर संशय घेत.

एक गंमत येथे सांगायला हवी. हेच धागे ऋण डोक्याच्या साबणाला जवळ करतात, पण तेवढ्याच लांबीच्या शेपटीच्या, मात्र धन डोक्याच्या रेणूला फारशी दाद देत नाहीत. त्याची कारणे पुष्कळांनी पुष्कळ सांगितली आहेत. डोक्याचा आकार, त्याभोवतीचे पाणी वगैरे. पंडितांचा वाद पंडितांपाशी.

आतापर्यंतचा धागा तटस्थ होता, त्याच्या अंगावर विद्युतभार नव्हता. त्याच्यावर जागोजागी धन भार बसवला, तर मग ऋण साबणाशी त्याची नुसती ओळख राहत नाही. छत्तीस गुण जुळतात. नेहमीच्या उंबरठ्याच्या दहाव्या, कधी शंभराव्या हिश्श्याएवढा साबण असला तरी तो धाग्यावर जाऊन चिकटतो. मग पुढे काय होते ते पायरीपायरीने पाहण्यासारखे आहे. साबण थोडा असेल तोवर धाग्यावर धन भार शिल्लक असतो, धागा पाण्यात राहतो, द्रव स्वच्छ दिसतो. साबण वाढत वाढत धाग्याच्या भाराइतका झाला की हिशेब फिटतो. आता धाग्याला ना धन भार, ना ऋण. वर साबणाच्या शेपट्या बाहेर डोकावणाऱ्या. पाण्याला असला पाहुणा नको असतो. द्रव दुधाळ होतो, धागा आणि साबण मिळून बाहेर पडतात, कधी गाळ म्हणून, कधी सायीसारखा मऊ थर म्हणून. पण साबण आणखी वाढवा, भरपूर वाढवा. त्याच धाग्यावर साबणाचा दुसरा थर बसतो, अंगावर आता ऋण भार येतो, आणि नाहीसा झालेला धागा पुन्हा पाण्यात विरघळून द्रव पहिल्यासारखा स्वच्छ!

स्वच्छ, दुधाळ, पुन्हा स्वच्छ. या तीन अंकी नाटकाचा पद्धतशीर नकाशा १९७० नंतरच्या दशकात ई. डी. गॉडर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या युनियन कार्बाइड कंपनीत काढला. १९८४ च्या भोपाळनंतर हे नाव आपल्या कानांना कडूच लागते, पण नकाशा त्यांचा हे खरे. त्यांचा धागा कापूस-लाकडातल्या सेल्युलोजवर धन भार बसवून केलेला होता. आजही अनेक बाटल्यांच्या मागे बारीक अक्षरांत ‘पॉलिक्वाटर्नियम-१०’ असे लिहिलेले असते, ते त्याच जातीचे.

शॅम्पूत या नाटकाचा उपयोग उलट्या बाजूने करतात. बाटलीत साबण शेकडा दहा-पंधरा आणि धागा शेकडा अर्ध्याहूनही कमी. म्हणजे साबण मुबलक, नाटक तिसऱ्या अंकात, द्रव स्वच्छ. तुम्ही डोक्याला शॅम्पू लावता, फेस करता, तोवरही काही घडत नाही. मग तांब्या उपडा होतो. पाण्याने साबणाचे प्रमाण झरझर उतरते, मायसेल मोडतात, धाग्यावरचा जादा साबण उठून जातो आणि नाटक मागे सरकून दुसऱ्या अंकात येते. धागा आणि उरलेला साबण मिळून ती मऊ साय तयार होते ती नेमकी केसांवर. केसाच्या पृष्ठभागावर पाण्यात ऋण भार असतो. उन्हाने, रंगाने, फणीने झिजलेल्या टोकांकडे तो जास्त असतो. साहजिकच साय तेथे अधिक धरते. केस धुताना ज्या क्षणी बोटांना एकाएकी गुळगुळीत लागते, तो हा क्षण. मळ साबणाबरोबर वाहून जातो आणि धागा मागे राहतो. एकाच बाटलीने आधी काढायचे आणि मग लावायचे, हे काम पाण्याच्या तांब्यावर सोपवण्याची ही युक्ती मला आजही अतिशय हुशारीची वाटते.

जाहिराती याला केसांचे ‘पोषण’ म्हणतात, त्याला माझी हरकत आहे. कातडीबाहेर आलेला केस ही निर्जीव वस्तू. तिला पोसता येत नाही, फार तर तिच्यावर अस्तर चढवता येते. अस्तर चांगले असते, गुंता कमी होतो, फणीला केस कमी तुटतात. तेवढे सांगितले तरी पुरे होते, पण तेवढे सांगून खप होत नसावा.

आता ती हकीगत. साल १९९४. मी मुंबईच्या उपनगरातल्या एका लहानशा कारखान्यात होतो. नाव सांगण्याचे कारण नाही. तो कारखाना आता राहिलाही नाही, तेथे उंच इमारती झाल्या आहेत. हजार लिटरच्या टाकीत आम्ही शॅम्पू करीत असू. रीत ठरलेली होती. टाकीत आधी पाणी, मग साबणाची पिंपातली दाट पेस्ट पूर्ण विरघळवायची, आणि शेवटी वेगळ्या भांड्यात भिजवून ठेवलेला धागा बारीक धारेने, घुसळणी चालू ठेवून सोडायचा. टाकीवर एक मामा होते. बावीस वर्षांची नोकरी, सातारच्या बाजूचे, वजनमापाला एवढे चोख की गोणी हातात घेतली की किलो सांगत.

त्या दिवशी पेस्टची पिंपे यायला उशीर झाला. पाळीवरच्या तरुण साहेबांना दिवस फुकट घालवायचा नव्हता. त्यांनी हुकूम सोडला, धागा तयार आहे तर तोच आधी टाकीत ओता, पिंपे आली की पेस्ट घालू. पिंपे संध्याकाळी आली. मामांनी सांगितल्याप्रमाणे एकेक घमेले पेस्ट रात्रभर टाकीत सोडली. घुसळणीचा पट्टा सैल झाल्याने ती रडतखडत फिरत होती. सकाळी झाकण उघडले तर टाकीत नासलेले दूध! रबरासारख्या गुठळ्या, घुसळणीच्या पात्यांना लोंबणारी लोळी, वर पांढुरके पाणी.

व्यवस्थापकांनी पाहिले आणि निदान केले की पेस्ट कमी पडली आहे. कमी का पडली? कुणीतरी एखादे पिंप बाहेर विकले असणार. त्या काळी पेस्टला बाहेर भाव होता, आणि रात्री टाकीवर एकटे मामा होते. दुपारपर्यंत मामांच्या हातात आरोपपत्र पडले. नुकसान भरून घेण्याची भाषा त्यात होती, चोरीचाही संशय होता. मामांच्या मुलीचे लग्न मार्गशीर्षात ठरलेले. ते माझ्याकडे आले आणि कागद टेबलावर ठेवून उभे राहिले. एवढेच म्हणाले, ‘सायेब, पैशाचं राहू द्या. पण चोर म्हनत्यात, ते कसं पचवायचं?’

मी टाकीतला नमुना घेऊन साबण मोजला. पेस्ट पुरी भरत होती, एक घमेलेसुद्धा कमी नव्हते. पण आकड्यांच्या कागदाने व्यवस्थापकांचे समाधान होईना. आकडे तर मीच लिहिलेले होते. तेव्हा मी त्यांना प्रयोगशाळेत बोलावले. दोन चंचुपात्रे घेतली. त्यांच्यासमोर, त्यांनाच तराजूवर बसवून, एकाच पिंपातली पेस्ट, एकाच भांड्यातला धागा, तेवढेच पाणी, दोन्हीकडे काटेकोर सारखे. पहिल्यात पेस्ट आधी विरघळवली आणि धागा ढवळत ढवळत वरून सोडला. दुसऱ्यात धागा आधी घेतला आणि पेस्टचे पाणी चमच्याचमच्याने, न ढवळता. पहिले पात्र अखेरपर्यंत काचेसारखे राहिले. दुसरे पाचव्या-सहाव्या चमच्याला दुधाळ झाले, मग त्यात सुतासारख्या तारा आल्या, मग गुठळ्या. शेवटी दोन्हींत माल अगदी सारखा होता, आणि एकात शॅम्पू होता, एकात नासवणी.

कारण वर सांगितलेच आहे. मुबलक साबणात धागा पडला की तो पडताक्षणीच तिसऱ्या अंकात जातो. दुसऱ्या अंकाशी त्याची गाठच पडत नाही. उलट धाग्यात साबण थोडा थोडा वाढवला की सारी टाकी दुसऱ्या अंकातून सावकाश जाते, आणि तेथे तयार झालेल्या गुठळ्या आतून इतक्या आवळल्या जातात की पुढे कितीही साबण आला तरी तो आत शिरायला दिवस लागतात. जोराने घुसळले असते तर कदाचित निभावले असते. पट्टा सैल होता.

व्यवस्थापक दुसऱ्या पात्रात काचेची कांडी घालून बराच वेळ गुठळ्या उचलून पाहत होते. मग काही न बोलता गेले. संध्याकाळी आरोपपत्र मागे घेतल्याची चिठ्ठी आली. माफीचा शब्द त्यात नव्हता, तशी पद्धतही नसावी. टाकी दोन दिवस गरम करून घुसळल्यावर बराचसा माल सुटला, उरलेल्या गुठळ्या गाळून फेकल्या. मामांना मी सगळे समजावून सांगू लागलो तर ते मध्येच म्हणाले, ‘म्हंजी पिठल्यावानी! बेसनात पानी हळूहळू घातलं तर गुठळी व्हत न्हाई, पर उकळत्या पान्यात बेसन टाकलं की झालीच.’ पिठल्याच्या गुठळीचे कारण निराळे आहे, पण मी ते सांगत बसलो नाही. क्रमाला किंमत असते हे त्यांना माझ्याआधी ठाऊक होते. मार्गशीर्षात आम्ही सारे लग्नाला गेलो.

ज्या धाग्याने हा घोळ घातला तो कुठून आला होता, हे सांगितले तर गृहिणींना हसू येईल. गवारीतून! आपण जिची शेंगदाण्याचे कूट घालून भाजी करतो तीच गवार. तिच्या बियांतल्या गरापासून गवारगम काढतात, त्यावर धन भार बसवतात आणि बाटलीवर ‘ग्वार हायड्रॉक्सीप्रोपिलट्रायमोनियम क्लोराइड’ असे भारदस्त नाव देतात. जगातली बहुतेक गवार आपल्या देशात, आणि त्यातली बहुतेक राजस्थानच्या कोरड्या रानात पिकते. अमेरिकेत खडक फोडून तेल-वायू काढणाऱ्यांना विहिरीत सोडायचे पाणी दाट करायला हाच गम लागतो. २०१२ साली त्यांनी तो एवढा उचलला की गवारीच्या बियांचे भाव आकाशाला भिडले.

आमच्या घरी शॅम्पूची बाटली आली तरी आईने तिला कधी हात लावला नाही. ती शिकेकाईच्या पाण्यात वाटलेली जास्वंदीची पाने मिसळी, कधी भिजवलेली मेथी. मी रसायनशास्त्राची पदवी घेऊन आलो तेव्हा ते मला अडाणीपणाचे नाही तरी निदान अंगवळणी पडलेल्या सवयीचे वाटे. पुढे बाटलीच्या मागची यादी रोज समोर येऊ लागली आणि दिसले की मांडणी तीच आहे; एक मळ उचलणारा, एक बुळबुळीत धागा. आईच्या धाग्यावर धन भार नव्हता, तेवढा फरक. शिवाय ‘शॅम्पू’ हा शब्दही इकडचाच, चंपी-मालिशीतला. पाटण्याचे शेख दीन महंमद यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडातल्या ब्रायटन येथे स्नानगृह काढून साहेबाला ही चंपी शिकवली. शब्द तिकडे राहिला आणि बाटलीत बसून परत आला.

साबण आणि धागा यांच्या या संगतीचे काम मोरीत संपत नाही. आपल्या शरीरातली प्रथिने हेसुद्धा लांब धागेच. फक्त ते घडी घालून ठेवलेले असतात. सोडियम लॉरिल सल्फेट त्यांच्यावर माळेसारखे बसते, घडी उलगडते, आणि एक ग्रॅम प्रथिनावर सुमारे १.४ ग्रॅम साबण असे प्रमाण बहुतेक प्रथिनांच्या बाबतीत सारखे पडते. मग साऱ्यांचा भार लांबीच्या हिशेबात येतो आणि विजेच्या ओढीने जेलीतून पळवले की लहान पुढे, मोठे मागे, अशी त्यांची ओळीने छाननी होते. लेमली यांनी १९७० साली या पद्धतीला जे रूप दिले ते आज जीवशास्त्राच्या जवळजवळ प्रत्येक प्रयोगशाळेत चालते. एड्सची साथ आली तेव्हा पहिल्या तपासणीचा निकाल पक्का करण्याच्या चाचणीत विषाणूची प्रथिने अशीच साबण लावून वेगळी केलेली असत. शॅम्पूतला हा मुख्य साबण माणसाच्या आयुष्याचा निकाल सांगणाऱ्या पट्टीमागेही उभा होता, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

मुलांना सुटी आहे, म्हणून शेवटी एक प्रयोग देतो. घरात आरपार दिसणारा, मोतिया नसलेला शॅम्पू असेल आणि त्याच्या यादीत वर सांगितलेल्या दोन नावांपैकी एखादे असेल, तर त्याचा एक चमचा काचेच्या पेल्यात घ्या. शेजारी दुसऱ्या पेल्यात हे नाव नसलेल्या साध्या पारदर्शक शॅम्पूचा एक चमचा. दोन्हींत चमच्याचमच्याने गाळलेले पाणी घाला आणि फेस होणार नाही अशा बेताने ढवळा. पेल्यांमागे छापील कागद धरा. साध्या शॅम्पूतून अक्षरे वाचता येत राहतील. दुसऱ्यात सहसा आठ-दहा किंवा थोड्या अधिक चमच्यांनंतर अक्षरे धूसर होतील. ती नाहीशी झाली की पेला रात्रभर हलवू नका. सकाळी तळाशी पातळ थर बसलेला दिसला, तर वरचे पाणी हळूच ओतून द्या आणि तो बोटांत घेऊन चोळून पाहा.